गाडी लागली, की धूर लागला?

आपल्या भागात प्रवासात कुणाला मळमळले, डोके धरले, उलटी झाली की निदान ठरलेलेच असते : गाडी लागली. मग लिंबू हुंगायला द्यायचे, ओव्याची चिमूट तोंडात टाकायची आणि खिडकीशी बसवायचे. दहापैकी नऊ वेळा हे निदान बरोबर निघते. दहाव्या वेळी ते चुकले तर काय होते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पण शिकलो मात्र किन्हीराजाच्या माझ्या दवाखान्यात, आणि तेही स्वतः चुकल्यावर. ती हकिगत आज सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जवळच्या खेड्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने पेट्रोलवर चालणारी जुनी व्हॅन घेतली. इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्या जातीची. घरात सत्तरीचे आजोबा, मुलगा, पाच महिन्यांची गरोदर सून आणि आठ वर्षांची नात. गाडी आल्यापासून महिनाभरात नातीला माझ्याकडे दोनदा आणले. तक्रार एकच : वाशीमला जाताना मालेगाव यायच्या आत डोके दुखते आणि उलटी होते. मी गाडी लागण्याची गोळी लिहून दिली. मग सुनेने तीच तक्रार सांगितली. तिला म्हणालो, "पोटात बाळ आहे, मळमळ व्हायचीच." त्या वेळी मुलगा आपणहून बोलला होता, "साहेब, गाडीत धुराचा वास येते." त्यावर मी हसून म्हणालो, "जुनी गाडी आहे, येणारच वास." त्याने बाजारातून सुगंधाची बाटली आणून आरशाला टांगली. माझ्यासमोर तीन वेळा उत्तर येऊन उभे राहिले आणि तिन्ही वेळा मी ते पाहिले नाही.

डिसेंबरात ही मंडळी कारंज्याला लग्नाला गेली. परत येताना लग्नघरची मोठी भांडी मागे ठेवली. मागचे दार बंद होईना, म्हणून ते अर्धे उघडे ठेवून दोरीने बांधले. थंडी होती, त्यामुळे पुढच्या काचा सगळ्या वर. रात्री नऊच्या सुमारास गाडी थेट दवाखान्यापुढे येऊन थांबली. नात पेंगत होती. सुनेचे डोके ठणकत होते आणि दोन उलट्या झाल्या होत्या. आजोबा उतरताना तोल जाऊन पायरीवर बसले. जीभ जड झाली होती, तरी मला म्हणाले, "आपल्याले जन्मात कधी गाडी लागली नाही, डाक्टर. बैलगाडी लागली नाही, यष्टी लागली नाही. आज काहून लागली?"

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. गाडी लागणे हा ज्याच्या त्याच्या कानाचा आणि तोलाचा विषय आहे. एका गाडीतल्या तीन माणसांना एकाच तासात, तेही ज्याला कधी लागली नाही अशा माणसासकट, ती लागत नाही. तिघांनी मिळून घेतली होती ती एकच गोष्ट, हवा. मुलाला मात्र थोडे डोके दुखण्यापलीकडे काही नव्हते. कारण विचारल्यावर कळले की, खर्रा थुंकण्यासाठी त्याच्या बाजूची काच चार बोटे खाली होती. खर्ऱ्याने जीव वाचवला, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. खर्ऱ्यापायी कापलेले जबडे मी पुष्कळ पाहिले आहेत.

मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आजोबांचा आकडा ९८, सुनेचा ९९, नातीचा ९८. हे यंत्र २०२०-२१ च्या कोरोनात घरोघरी पोहोचले आणि लोकांचा त्यावर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास बसला. पण या विषबाधेत ते चक्क खोटे बोलते, कारण प्राणवायूने लाल झालेले रक्त आणि या वायूने लाल झालेले रक्त यांतला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. आकडा बघून मी त्यांना घरी पाठवले असते तर पुढे काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो. तिघांना ऑक्सिजन लावला, १०८ ची गाडी बोलावली आणि अकोल्याला रवाना केले.

आता हा वायू कोणता ते पाहू. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, लाकूड, कोळसा काहीही अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, चव नाही आणि, सर्वांत वाईट म्हणजे, वासही नाही. आपल्या तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारी जणू एसटी आहे. कार्बन मोनॉक्साईड हा त्या एसटीत घुसून जागा अडवणारा उतारू. प्राणवायूपेक्षा सुमारे २०० ते २५० पट घट्ट धरून बसतो आणि स्टॉप आला तरी उतरत नाही. गाड्या धावत असतात, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही गोष्ट उलगडून दाखवली. पुढे इंग्लंडच्या कोळसा खाणींत कॅनरी नावाचे लहान पक्षी पिंजऱ्यात घालून नेऊ लागले. माणसाच्या आधी पक्षी खाली पडे आणि कामगार बाहेर पळत. ती प्रथा १९८६ पर्यंत चालू होती.

हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २०० भाग असले तर दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ८०० भाग असले तर पाऊण तासात चक्कर-मळमळ आणि दोन तासांत बेशुद्धी. १,६०० भाग असले तर एक-दोन तासांत माणूस संपतो. म्हणजे किती मिसळला आणि किती वेळ घेतला, या दोन्हींचा गुणाकार महत्त्वाचा. वाशीमला जाऊन येणाऱ्याला डोकेदुखीवर निभावते. त्याच गाडीने नागपूरला जाणाऱ्याचे तसे होईलच याची खात्री नाही. मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर हेच काम साधारण एक ते दीड तासात होते. म्हणून उपचार एकच, भरपूर ऑक्सिजन आणि तो लवकर.

पोटातल्या बाळाचे गणित वेगळे आहे. बाळाचे हिमोग्लोबिन या वायूला आईच्यापेक्षा जास्त धरून ठेवते आणि उशिरा सोडते. आईला बरे वाटू लागले तरी बाळाच्या रक्तात वायू शिल्लक असतो. त्यामुळे गरोदर बाईला किरकोळ लक्षणे असली तरी दवाखान्यात ठेवून जास्त वेळ ऑक्सिजन द्यावा लागतो.

आता वासाविषयी. मघाशी मी म्हणालो, या वायूला वास नाही. मग गाडीत वास कशाचा येतो? धुरात कार्बन मोनॉक्साईड एकटा नसतो. न जळलेले इंधन, काजळी, नायट्रोजनचे आणि गंधकाचे वायू असे सगळे वऱ्हाड बरोबर असते. वास त्या वऱ्हाडाचा. म्हणून वास आला की नवरदेवही आत आला असे समजावे. उलट, वास नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो चांगला असेल तर हा वायू बराच कमी करतो, पण इंजिन गार असताना आणि कन्व्हर्टर बिघडल्यावर करत नाही. दुसरे म्हणजे आपले नाक. कोणताही वास काही मिनिटे सतत आला की नाक तो नोंदवणे बंद करते. चामड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याला वास येत नाही, तसेच. गाडीत बसताना वास आला आणि दोन किलोमीटरवर गेला, तर धूर गेलेला नसतो, नाक थकलेले असते. आणि सुगंधाची बाटली म्हणजे चोर आल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधण्यातला प्रकार.

सगळेच वास धुराचे नसतात, हेही खरे. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर बहुधा कन्व्हर्टरची तक्रार असते. गोडसर वास आला आणि काचेवर चिकट वाफ धरली तर रेडिएटरचे कूलंट गळत असते. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर आगीचा धोका आहे, गाडी तिथेच थांबवावी. जळक्या तेलाचा वास असेल तर इंजिनचे तेल गरम पाइपावर ठिबकत असते. आणि शेताजवळ गाडी उभी करणाऱ्यांनी बॉनेट उघडून पाहावे, मेलेला उंदीर सापडण्याची शक्यता बरीच मोठी. आमच्या गाडीत एकदा सापडला होता आणि घरच्यांनी दोष माझ्या बुटांना दिला होता.

धूर आत येतो कसा, हे कळले तर अर्धे काम होते. इंजिनातून निघालेला धूर मॅनिफोल्ड, पाइप, सायलेन्सर असा गाडीच्या खालून मागे जातो. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी आणि गतिरोधकांनी हा पाइप खालून आपटतो, जॉइंटचे पॅकिंग जाते, पावसाळ्यातल्या चिखलाने पत्रा गंजतो. भोक पडले की धूर गाडीच्या पोटाखालीच सुटतो. तिथून फ्लोअरच्या गंजलेल्या पत्र्यातून, वायर जाण्यासाठी पाडलेल्या भोकातून, सीटखालच्या इंजिनच्या झाकणाच्या फटीतून तो वर येतो. गॅस किट बसवताना, स्पीकर किंवा मागचा कॅमेरा लावताना पाडलेली भोके रबरी बूच न लावता तशीच सोडणारे कारागीर काही कमी नाहीत.

दुसरी वाट मागच्या दाराची, आणि ती लोकांना सांगितली तरी पटत नाही. सगळ्यांना वाटते, गाडी पुढे पळते, धूर मागे राहतो, मागचे दार उघडे ठेवले तर उलट हवाच खेळेल. प्रत्यक्षात धावत्या गाडीच्या, विशेषतः चौकोनी पाठीच्या व्हॅनच्या आणि जीपच्या मागे हवेची पोकळी तयार होते. ट्रकच्या मागे धूळ आणि पाचोळा त्याच्या पाठीला चिकटून गरगरत जातो, तो आपण रोज पाहतो. तसाच सायलेन्सरचा धूर वळून उघड्या दारातून आत ओढला जातो. पुढच्या काचा बंद असतील तर जास्तच. काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या बाकावर बसणाऱ्यांना सर्वांत आधी उलटी का होते, याचे एक उत्तर यात आहे. मागचे दार उघडे ठेवून सामान नेणे भागच असेल तर पुढच्या सगळ्या काचा उघडाव्यात, पंखा बाहेरची हवा घेण्यावर पूर्ण सोडावा आणि मागे माणूस बसवू नये.

आमच्या त्या व्हॅनमध्ये दोन्ही वाटा खुल्या होत्या. मिस्त्रीने गाडी वर उचलल्यावर सायलेन्सरच्या जॉइंटभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला आणि मागच्या दाराचे रबर वाळून तडकलेले होते. दुरुस्तीचा खर्च एका लग्नाच्या आहेराएवढाही आला नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडच्या खटारा गाड्यांचा, असे कुणाला वाटत असेल तर अमेरिकेतले उदाहरण सांगतो. फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या मोठ्या गाडीच्या २०११ ते २०१७ च्या मॉडेलांबद्दल मालकांनी हजारो तक्रारी केल्या की, जोरात वेग घेताना गाडीत धुराचा वास येतो. काहींनी डोकेदुखी आणि मळमळ सांगितली. तिथल्या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये चौकशी सुरू केली. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी आपल्या सुमारे ४०० गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या. कंपनीने मालकांना मोफत दुरुस्ती देऊ केली. जानेवारी २०२३ मध्ये चौकशी संपली, तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा की, सर्वांत जास्त प्रमाण पोलिसांच्या गाड्यांत आढळले आणि त्याचे कारण दिवे-सायरन बसवताना पाडलेली, नीट न बुजवलेली भोके. सामान्य मालकांच्या गाड्यांत प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत गेल्याचे दिसले नाही, म्हणून गाड्या सक्तीने परत बोलावल्या नाहीत. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तक्रार करणाऱ्या माणसाला "वास येणारच" असे सांगून कुणी परत पाठवले नाही, सहा-साडेसहा वर्षे तपास केला. मी माझ्या माणसाला तीन मिनिटांत परत पाठवले होते.

"पण डॉक्टर, पीयूसी आहे ना!" असे म्हणणारे बरेच भेटतात. पीयूसीच्या यंत्राची नळी सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडात घालतात. तिथून किती धूर बाहेर पडतो, एवढेच ती सांगते. वाटेतच जो गळाला त्याचा हिशेब तिच्यात नाही. पीयूसी गावाच्या हवेसाठी आहे, गाडीतल्या हवेसाठी नाही.

घरच्या घरी करता येतील अशा दोन-तीन परीक्षा आहेत. दाराच्या फटीत कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ओढा. पट्टी सहज निघाली तर तिथले रबर संपले आहे. अंधारात गाडीच्या आत मोठी बॅटरी लावून दारे बंद करा आणि बाहेरून फिरून पाहा, जिथून उजेड येतो तिथून धूरही येतो. इंजिन गार असताना उघड्यावर गाडी सुरू करून कान द्या. खालून फुसफुस किंवा पटपट आवाज आला तर पाइप फुटला आहे. पुढचे काम मिस्त्रीचे. त्याला "वास येतो" एवढेच सांगू नका. वास वेग घेताना येतो की उभ्या गाडीत, काचा बंद असताना की एसी लावल्यावर, पुढे बसणाऱ्याला की मागच्याला, हे सांगा. रोग्याने "बरं नाही वाटत" म्हणावे आणि डॉक्टरने ओळखावे, असे फक्त सिनेमात होते. एसीचे आतलीच हवा फिरवणारे बटण स्वतःच्या गाडीत धूर येत असेल तर लावू नये. ते पुढच्या ट्रकचा धूर चुकवण्यापुरते, थोडा वेळ ठीक आहे.

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण डिझेलवाल्यांनी निर्धास्त राहू नये. त्यातली काजळी दमेकऱ्याला त्रास देते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. सीएनजी स्वच्छ म्हणतात ते खरे, पण ट्यूनिंग बिघडले तर तोही हा वायू सोडतो.

उभ्या गाडीचा धोका वेगळा सांगायला हवा, कारण तिथे माणूस झोपतो आणि झोपलेल्याला डोकेदुखी कळत नाही. उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवाबाहेर काचा बंद करून, एसी लावून झोपणारे ड्रायव्हर मी पाहतो. गाडी भिंतीला पाठ लावून किंवा शेडमध्ये उभी असेल तर धुराला जायला जागा नसते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृत सापडले. जनरेटरचा धूर खालच्या भोकातून आत शिरल्याचे तपासात निघाले. समृद्धीवर किंवा जुन्या हमरस्त्यावर झोप आली तर जरूर थांबा आणि झोपा, पण इंजिन बंद करून आणि काच खाली घेऊन. बंद गॅरेजमध्ये तर शटर वर केल्याशिवाय गाडी सुरूच करू नये.

आता ओळखायचे कसे? गाडीत बसल्यावर सुरू होणारे आणि उतरल्यावर तास-दोन तासांत उतरणारे डोके, एकापेक्षा जास्त जणांना एकदम होणारी मळमळ, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, नको तितकी झोप, साधा हिशेब चुकणे. ताप नसतो. पुस्तकात लिहिलेला लालबुंद चेहरा जिवंत रोग्यात क्वचितच दिसतो, त्याची वाट पाहू नये. असे झाले तर गाडी थांबवून सगळ्यांनी बाहेर यावे, इंजिन बंद करावे, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवावे आणि १०८ लावावा. बरे वाटले म्हणून त्याच गाडीतून पुढे जाऊ नये. डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगावे : "गाडीत धूर येत होता." रक्तातले प्रमाण मोजणारी तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते, पण ऑक्सिजन सुरू करायला तिची वाट पाहायची गरज नसते. बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साईडचे धोका-सूचक यंत्रही बाजारात मिळते. जुन्या गाडीत शाळेची मुले ने-आण करणाऱ्याने ते ठेवायला हरकत नाही.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, ते राहिलेच. सून आणि नात दुसऱ्या दिवशी बऱ्या झाल्या. बाळ दिवस भरून, सुखरूप झाले. आता अंगणवाडीत जाते आणि दवाखान्यात आले की माझा स्टेथोस्कोप ओढते. आजोबाही दोन दिवसांनी चालत घरी आले होते. पण तीन आठवड्यांनी त्यांच्यात फरक पडू लागला. बोलणे कमी झाले, पावले अडखळू लागली, एकदा स्वतःच्या वावरातून घरी यायची वाट विसरले. या विषबाधेनंतर काही जणांत दोन दिवसांपासून महिन्याभरात मेंदूची अशी उशिरा होणारी इजा दिसते, म्हणून बरे झालेल्या रोग्यालाही महिनाभर नजरेखाली ठेवावे लागते. सात-आठ महिन्यांत ते पुष्कळ सुधारले. चालतात, माणसे ओळखतात. पण आठवडी बाजारात तोंडी हिशेब करणारा तो माणूस आता पैसे नातीच्या हातात देतो आणि तिला मोजायला सांगतो.

पुढच्या आठवड्यात याच वायूची दुसरी बाजू पाहू : हिवाळ्यात बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी आणि न्हाणीघरातला गॅस गीझर.